पंचफुलेचा ओठ

पंचफुलेला एका जागी बसवायचं असेल तर तिच्या पदराला जातं बांधावं लागेल, असं तिचा नवरा भिवाजी म्हणायचा. त्यावर सासू जनकाबाई म्हणायची, "जातंबी वढून नेईल ती." दोघांचंही खरं होतं. हट्ट्याच्या बौद्धवाड्यात पहाटेचा पहिला धूर पंचफुलेच्या चुलीतून निघायचा आणि दिवस कासराभर वर येईस्तोवर बाई कुणाच्या तरी हळदीच्या वावरात वाकलेली असायची. बोलणंही तसंच. एक वाक्य संपायच्या आत दुसरं जिभेवर तयार. भिवाजी रस्त्याच्या कामावर गँगमन होता. दिवसभर खडी पसरून घरी आला की बायकोचं बोलणं तो पत्र्यावरच्या पावसासारखं ऐकून घ्यायचा.

एका कामात मात्र ही बाई कधी घाई करायची नाही. वाड्यात लग्न असो, बारसं असो की मयत, वंदना म्हणायला पंचफुला उभी राहायची. पांढरं लुगडं, जोडलेले हात, मिटलेले डोळे. ती एक ओळ म्हणायची आणि मागून सगळा वाडा तीच ओळ म्हणायचा. हे पाली शब्द तिला तिच्या बापानं, शिरड शहापूरच्या ग्यानोबानं शिकवले होते. ग्यानोबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा एका मास्तराच्या मागे महिनाभर फिरून त्यानं सगळं कानानं उचललं आणि तसंच्या तसं लेकीच्या कानात ओतलं. "शबूद तुटला न्हाई पायजे," तो सांगायचा. "लोक तुज्यामागं चालून राहिले. म्होरचा अडखळला तर मागचे पडतेत."

भंतेजी त्या भागात वर्ष वर्ष फिरकत नसत. त्यामुळे हट्ट्यात आणि भोवतालच्या चार गावांत पंचफुलाच भंतेजी होती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात एका सकाळी तिचा खालचा ओठ सुजला.

गांधीलमाशी चावली असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तीन दिवसांत ओठ उतरला. पोळ्याला पुन्हा सुजला, आठ दिवस राहिला आणि गेला. दसऱ्याला पुन्हा आला. काही पाहुणे दर खेपेला काहीतरी विसरून जातात, तशी ती सूज दर खेपेला थोडी मागे ठेवून जायची. असं वर्षभर चाललं आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर ती गेलीच नाही. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, पण ओठ अंगठ्याएवढा जाड झाला, हाताला रबरासारखा लागायला लागला आणि मधोमध त्याला चीर पडली. चहा पिताना ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत जायचा. शेजारच्या मिराबाईनं सुजेवर बिब्ब्यासारखं औषध नाही असं सांगून तापलेला बिब्बा टेकवला. सूज राहिली ती राहिलीच, वर कोपऱ्यात काळा डाग कायमचा मिळाला.

दिसण्याचं पंचफुलेला फारसं वाटलं नाही. छत्तिशीची बाई, लेक लग्नाला आलेली. आता कुणाला दाखवायचाय ओठ, असं ती म्हणायची. खरी गोष्ट दुसरीच होती. प, ब आणि म म्हणायला दोन्ही ओठ नीट मिटावे लागतात, हे जन्मभर बोलूनही तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता आलं. "बुद्धं" म्हणायला जावं तर फटीतून हवा निसटायची आणि शब्द फुसकन बाहेर पडायचा. एका मयताच्या पुण्यानुमोदनाला ती उभी राहिली आणि पंचशीलाच्या पहिल्याच ओळीला मागे कुणीतरी खुदकन हसलं. मयताच्या घरी हसू येणं म्हणजे काय ते ज्याच्यावर हसतात त्यालाच कळतं. त्या दिवशी पंचफुला घरी आली आणि अंगण तीनदा झाडलं.

जनकाबाईनं मात्र आपलं निदान केव्हाच करून टाकलं होतं. धम्म घेतला त्या वर्षी वाड्यानं घरोघरचे देव गोळा केले होते आणि आसना नदीत सोडले होते. जनकाबाईच्या घरची टोपली डोक्यावर घेऊन नदीपर्यंत गेली ती नवी सून पंचफुला. सासऱ्याचा हुकूम होता, पण टोपली उलटी करताना तिचे हात कापले नव्हते, हे घाटावरच्या सगळ्या बायांनी पाहिलं होतं. घरात देवाचे टाक सात होते. टोपलीत सहाच गेले. सातवा टाक, मरीआईचा, जनकाबाईनं ज्वारीच्या कणगीत खाली खुपसून ठेवला, आणि तो तिथंच आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असूनही एकोणीस वर्षांत कुणी कणगी तळापर्यंत रिकामी केली नाही. वंदनेला जनकाबाई बसायची, हातही जोडायची, पण तोंड उघडायची नाही. देवाला देव मानणार नाही म्हणून सून शपथ सांगायला लागली की ती पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची.

"ज्या तोंडानं न्हाई म्हनलीस, त्याच तोंडाला आईनं धरलंय," ती एक दिवस सरळच म्हणाली. "दुसरीकडं काहून सुजला न्हाई? हाताला काहून न्हाई? पायाला काहून न्हाई?"

"आत्याबाई, बैलाचाबी ओठ सुजतो. त्यानं कोन्ता देव बुडवला?" पंचफुलेनं उत्तर दिलं आणि विषय संपवला. निदान तिला वाटलं की संपवला. पण बोलणं मुरत गेलं. हळद खणताना, भाकरी थापताना, अंथरुणावर पडल्यावर तेच घोळायला लागलं की दुसरीकडं काहून न्हाई. बापानं शिकवलेलं सगळं तिला पटलेलं होतं, पण पटलेल्या गोष्टीलाही कधीतरी उंदीर लागतो. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. जी म्होरं उभी राहते तिनंच चळायचं म्हणजे मागच्यांनी काय करायचं?

त्यातच रूपाचं लग्न ठरलं. रूपा तिची एकुलती लेक. मुलगा वसमतचा, साखर कारखान्यात कामाला, मॅट्रिक झालेला. तारीख वैशाख पौर्णिमेची धरली. सुपारी फुटली आणि मुलाचा चुलता रामकिशन, जो पहिल्यापासूनच जरा नाक वर करून बोलायचा, म्हणाला, "वंदनेसाठी आमी आमच्याकडून मानूस आनतो. ताईंना तकलीफ नको." तकलीफ या शब्दावर त्याची नजर पंचफुलेच्या ओठावर गेली आणि तिथंच थांबली.

"माज्या लेकीच्या लग्नात वंदना मीच म्हननार," पंचफुला म्हणाली. "तुमचा मानूस आना, पंगतीला बसवा."

तोंडातून शब्द गेला. आता ओठ उतरवणं भाग होतं.

वसमतच्या डॉक्टरानं गोळ्या देऊन पाहिल्या आणि शेवटी चिठ्ठी लिहून नांदेडच्या सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथं गेल्यावर भिवाजी दारातच थांबला, कारण चामडीची आणि महारोगाची रांग एकच होती. बोटं झडलेली माणसं शांत बसलेली होती आणि त्यांच्यामध्ये पंचफुला सारखी उठत होती, दारापर्यंत जात होती, परत येऊन बसत होती. महारोग निघाला तर रूपाचं लग्न मोडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी कानाला कापूस लावून पाहिला, कोपराच्या शिरा दाबून पाहिल्या, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या गालाला टेकवून विचारलं. मग छातीचा फोटो झाला, एक किडलेली दाढ निघाली आणि शेवटी ओठाच्या आतून हरभऱ्याएवढा तुकडा कापून तो औरंगाबादला धाडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं.

"महारोग नाही, क्षयही नाही," डॉक्टर म्हणाले. चष्मा लावणारा, तरुणपणीच केस विरळ झालेला माणूस होता. "ओठाच्या आत बारीक बारीक गाठी धरून सूज बसली आहे. नाव लांबलचक आहे, सांगून उपयोग नाही. का होते तेही आम्हाला नक्की ठाऊक नाही."

"तुमालाबी ठाव न्हाई?" पंचफुला उठून उभी राहिली.

"का होते ते नाही. कशानं उतरते ते ठाऊक आहे. ओठातच सुया द्याव्या लागतील. तीन तीन आठवड्यांनी, चार वेळा. आणि बाई, एक ध्यानात ठेवा. ओठ उतरला म्हणून मधेच यायचं सोडायचं नाही."

सुईचं औषध दुधासारखं पांढरं होतं. बाटली हलवली नाही तर खाली साका बसतो म्हणून निर्मलाबाई नावाच्या सिस्टरनं ती कितीतरी वेळ हलवली. आधी हिरडीपाशी बधिर करायची एक सुई झाली. ती लागेपर्यंत पंचफुला दोनदा खुर्चीवरून उठली. मग निर्मलाबाईंनी मागून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि डॉक्टरांनी ओठात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाच ठिकाणी सुई घातली. बधिर केलं तरी दाब कळत होता. पांढरं औषध आत जाताना ओठ आणखी फुगला आणि पंचफुलेच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिवाजीनं भिंतीकडे तोंड केलं होतं. तिच्यापेक्षा त्यालाच घाम जास्त फुटला होता.

चौथ्या दिवशी ओठ मऊ लागला. आठव्या दिवशी चीर भरून आली. गावात तेव्हा हळद शिजवायचं काम जोरात होतं आणि पंचफुला कढईपाशी वाफेत उभी राहून दर घटकेला ओठ चाचपून पाहायची, इतका की तो पिवळाधमक झाला. तीन आठवड्यांनी दुसरी सुई घेतली आणि होळी आली तोवर ओठ पहिल्यासारखा झाला. तिनं चहा प्याला, एक थेंब सांडला नाही. मग चुलीसमोर बसून सबंध वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एकही शब्द तुटला नाही. मायलेकी दोघी रडल्या.

पोळ्या लाटत बसलेली जनकाबाई शांतपणे म्हणाली, "आई पावली म्हनायची."

"कोन्ती आई?"

"मी कोंबडं दिलतं. मरीआईला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या सुईच्या आधी दोन दिवस, मंगळवारी, म्हातारी एकटीच शिवेवरच्या मरीआईला गेली होती. कोंबडं आणि नारळ देऊन सुनेच्या वतीनं माफी मागून आली होती. कणगीतला टाकही बरोबर नेऊन आईला भेटवून आणला होता.

"तुमी काहून गेल्ता? मी सांगितलं व्हतं का?" पंचफुलेचा आवाज चढला.

"तू कशाला सांगशील? तुज्यासाठी मीच गेले. मंगळवारी मी कोंबडं दिलं, बेस्तरवारी तू सुई घेतली. आता तूच सांग, आगूदर कोन गेलं?"

याला उत्तर होतं, पण म्हातारीच्या हिशेबात बसणारं नव्हतं. दोन दिवसांत ही गोष्ट वाडाभर झाली. बिब्ब्यावाली मिराबाई सगळ्यांत पुढे. तिनं आपल्या नातवाच्या खोकल्यासाठी मरीआईला दहीभात नेला. मग आणखी दोघी गेल्या. जाताना त्या टोपलीवर फडकं टाकायच्या आणि पंचफुलेच्या दारावरून जाताना पाय उचलायच्या. ज्या बाईनं देव बुडवले, तिच्याच ओठामुळे देव परत आला, असं झालं. पंचफुला पेटली. पण सगळ्यांत जास्त राग तिला भिवाजीचा आला. तो जेवता जेवता म्हणाला, "आगं, दोन्ही चालू दे की. आपलं काय जाऊन राहिलं?"

"माजं जातंय," ती म्हणाली. "तुमचं जात नसंल."

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच चक्र फिरायला लागलं. तिसरी सुई घेतली आणि ओठ असाच राहिला, तर म्हातारी म्हणणार आई पावली. चौथी घेतली तरी तेच. चार सुया काय, चाळीस घेतल्या तरी वाडा कोंबड्याचंच नाव घेणार. पण सुई सोडली आणि ओठ परत सुजला, तर? तर सुईनंच उतरला होता हे आंधळ्यालाही दिसेल. कोंबडं एकदा दिलेलं, ते काही परत घेतलं नव्हतं. मग आईनं ओठ परत का सुजवला, याचं उत्तर म्हातारीला द्यावं लागेल.

शहाण्या माणसाला जेवढ्या मोठ्या चुका सुचतात तेवढ्या वेड्याला सुचत नाहीत. तिसऱ्या सुईच्या दिवशी पंचफुला पांढरं लुगडं नेसून, भाकरी बांधून घराबाहेर पडली. भिवाजीला कामावरून सुटी नव्हती, म्हणून ती एकटीच होती. वसमतच्या स्टँडवर पोचली. नांदेडची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या. ती पायरीपर्यंत गेली आणि मागे सरली. गाडी निघून गेल्यावर ती स्टँडाला तीन चकरा मारून, भाकरी तिथंच खाऊन, संध्याकाळी घरी आली. सुई झाली का म्हणून भिवाजीनं विचारलं. "झाली," ती म्हणाली. नवऱ्याशी ती आयुष्यात भांडली पुष्कळ होती, खोटं पहिल्यांदाच बोलली.

आणि ओठ सुजला नाही.

चौदा एप्रिलला जयंती आली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर पंचफुला उभी राहिली आणि तिचा आवाज शाळेच्या मैदानापर्यंत खणखणीत गेला. लोकांनी माना डोलावल्या. मिराबाई जनकाबाईच्या कानाला लागली आणि दोघींनी शिवेच्या दिशेला हात जोडले. पंचफुलेनं मिटलेल्या डोळ्यांनीही ते पाहिलं. एप्रिल सरत आला. लोक दुखणं जावं म्हणून झुरतात. ही बाई दुखणं परत यावं म्हणून झुरायला लागली. सकाळी उठल्याबरोबर आधी ओठ चाचपायचा. रांजणातल्या पाण्यात वाकून पाहायचं. रूपा विचारायची, "माय, सारखी काय बघून राहिलीस?" ती म्हणायची, "काय न्हाई." लग्नाच्या पापड-कुरडया चालल्या होत्या आणि नवरीची माय घटकेत घरात, घटकेत दारात. तिला झोप लागेना. कारण आता एक भीती नवीनच जन्मली होती. ओठ खरंच सुजला नाही तर? तर म्हातारीचंच खरं. तर बापानं शिकवलेलं काय होतं? आणि त्या टोपलीतून तिनं नदीत काय सोडलं होतं?

वैशाख लागला आणि एका पहाटे, चूल पेटवताना, ओठ जड लागला.

तिनं हात लावला. रबर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पहिल्यासारखा. पंचफुला उठली ती सरळ सासूच्या अंथरुणापाशी गेली आणि तिला हलवून जागं केलं. "बगा आत्याबाई," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा ब फुसकन गेला तरी तिला त्याचं काही नव्हतं. "तिसरी सुई म्या घेतलीच न्हाई. परत सुजला. आता सांगा, कुटं गेली तुमची आई?"

जनकाबाई उठून बसली. तिनं सुनेचं तोंड दोन्ही हातांनी चुलीच्या उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं ओठ दाबून पाहिला. पंचफुला उत्तराची वाट पाहत होती. बरेच दिवस घोटून ठेवलेलं पुढचं बोलणंही तयार होतं.

"आगं येडे," म्हातारी म्हणाली, "रूपाचं लगीन बारा दिवसांवर आलंय की."

पंचफुला मटकन खाली बसली. जिंकायच्या नादात ती तारीखच विसरली होती.

त्याच दिवशी तिनं नांदेड गाठलं. या खेपेला भिवाजी बरोबर होता. तिचं खोटं त्याला कळलं होतं, पण तिची पिशवी त्याच्याच हातात होती. डॉक्टर चांगलेच तापले. "दीड महिना कुठे होतात? मी काय सांगितलं होतं?" तेव्हा पंचफुलेनं सगळं सांगितलं: कोंबडं, मंगळवार, वाड्यातल्या बाया, स्टँडवरच्या चकरा. निर्मलाबाई बाटली हलवता हलवता थांबल्या. डॉक्टरांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमच्या परीक्षेत काहीच सिद्ध झालं नाही," ते म्हणाले. "ही सूज सुई घेतली तरी परत येऊ शकते. आणि कधी कधी सुई न घेताही आपली आपण उतरते. सुरुवातीला तुमची उतरत होतीच की."

"मंग खरं काय?"

"खरं एवढंच, की सुई दिल्यावर पुष्कळांची उतरते. सगळ्यांची नाही, पुष्कळांची. आणि कायमची जाईल असं मी कधीच म्हणालो नव्हतो."

पंचफुलेला हे आवडलं नाही. तिला एक तरी पक्कं उत्तर हवं होतं, आणि हा शिकलेला माणूस सारखं पुष्कळांचं, कधी कधी, असंच बोलत होता. पण परतीच्या गाडीत, बधिर ओठ पदरानं दाबून बसलेली असताना, तिच्या मनात आलं की म्हातारीला सगळं ठाऊक असतं आणि याला ठाऊक नाही ते हा ठाऊक नाही म्हणतो. बापही असंच म्हणायचा, आपल्याला ठाव नसंल तर ठाव न्हाई म्हनावं, देवाचं नाव पुढं करू नये. त्यातून तिला थोडं बरं वाटलं. फार नाही.

निघताना तिनं विचारलं होतं, "पुनवंपर्यंत किती उतरंल?"

"अर्धी. नशीब असेल तर पाऊण."

"आमी नशीब मानत न्हाई, डाक्टरसाब."

"मग अर्धी धरा," डॉक्टर म्हणाले.

बरोबर अर्धीच उतरली.

पौर्णिमेला मांडव भरला. वसमतची मंडळी पुढे बसली. रामकिशननं आपला माणूस आणलाच होता. पांढऱ्या सदऱ्यातला तो तरुण गुरुजी वहीत बोट घालून पहिल्या रांगेत तयार बसला होता. भिवाजी बायकोच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "म्हनू दे त्याला. कुनी काय म्हननार न्हाई." पंचफुलेनं मान हलवली. ती उभी राहिली. रूपा पांढऱ्या साडीत, खाली मान घालून उभी. आईनं हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली.

"सम्मासंबुद्धस्स" फुटलं. ब हवेत गेला आणि उरलेला शब्द ओला होऊन बाहेर आला. पाहुण्यांच्या पोरांत कुणीतरी घशातल्या घशात हसलं, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. वाड्यातली माणसं गप्प राहिली. तुटलेली ओळ उचलावी कशी, हे त्यांना कळेना. पांढऱ्या सदऱ्यातला गुरुजी वही घेऊन अर्धा उठला. म्होरचा अडखळला होता.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून एक आवाज आला. म्हातारा, कापरा, पण शब्द न् शब्द जागच्या जागी. पहिली सबंध ओळ, अगदी ग्यानोबा म्हणायचा तशी. पंचफुलेनं डोळे उघडले. जनकाबाई उभी होती. पदर नाकावर नव्हता, डोक्यावर होता, आणि जोडलेले हात छातीशी होते. तिच्या मागोमाग मिराबाईनं ती ओळ धरली, मग भिवाजीनं, मग सगळ्या मांडवानं. गुरुजी खाली बसला.

पंचफुलेनं दुसरी ओळ म्हटली. तीही तुटली. जनकाबाईनं ती सबंध करून मागे दिली. पंचशील आलं. पहिलाच शब्द प चा, तोही फुसकन गेला, म्हातारीनं तो उचलला. असं शेवटपर्यंत चाललं. सून पुढे तुटक आणि सासू मागे सलग. वसमतची पोरंसुद्धा मग बरोबर म्हणायला लागली. शेवटी साधुकार झाला तेव्हा पंचफुलेच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. त्यातलं ओठाचं किती आणि डोळ्यांचं किती, ते कुणी विचारलं नाही.

लेक गाडीत बसून गेली. मांडवात खरकट्या पत्रावळी आणि दोन कुत्री उरली. पंचफुला भांडी गोळा करत होती, ठेवत होती, पुन्हा उचलत होती. पुढची सुई नऊ दिवसांनी होती. या खेपेला चुकवायची नाही, असं तिनं भिवाजीला तीनदा सांगून झालं होतं. जनकाबाई मेढीला टेकून पाय पसरून बसली होती. मंगळवारी ती शिवेवर जाणार, हे पंचफुलेला ठाऊक होतं, आणि आज ती त्यावर बोलणार नव्हती. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना. हातातलं पातेलं घेऊनच ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एकोनीस वर्सं तोंड उघडलं न्हाई तुमी. पाठ कवा केलंत?"

"पाठ कशाला करावं लागतंय?" जनकाबाई म्हणाली. "रोज पाटंच्याला चुलीपाशी म्हनतीस. ओठ तुजा सुजलाय, माजे कान न्हाई."